'सायलेंट' कॅबिनेट पुन्हा पुन्हा गुणगुणतंय? आधी पत्रा तपासा, पंखा नंतर

संगणकाचं छोटं, चारी बाजूंनी बंद, पुढे दार असलेलं कॅबिनेट लोक शांततेसाठी घेतात आणि वर्षभरात तेच कॅबिनेट आवाज करतंय म्हणून दुकानात घेऊन येतात. हे काम मी इतक्या वेळा केलंय की आता आवाजाच्या वर्णनावरूनच कुठे पाहायचं ते समजतं. म्हणून लक्षणं आधी सांगतो.

लक्षणं

- चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं शांत असतं. मग घूंऽऽ असा आवाज सुरू होतो आणि लाटेसारखा कमी-जास्त होत राहतो.
- बाजूच्या पत्र्यावर तळहात ठेवला की आवाज थांबतो, हात काढला की परत येतो.
- पुढचं दार मधूनच थरथरतं. दार उघडं ठेवलं की थरथर थांबते.
- टेबलावर कोपर टेकवलं तर हाताला कंप जाणवतो.
- नवीन असताना पंखे ऐकू यायचे नाहीत. आता साधा ब्राउझर उघडला तरी जोरात पळतात, दुपारी तर जास्तच.
- पत्र्याला हात लावला की बोटांना झिणझिण्या येतात.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काहीही करू नका. बटण बंद करा, प्लग काढा आणि थेट 'इथे थांबा' या भागाकडे जा. तो आवाजाचा प्रश्न नाही, जिवाचा आहे.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट आधी पटवून द्यायची आहे. मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत लहानपणापासून पाहत आलोय की नुसती तार छेडली तर ती शेजारच्यालाही ऐकू येत नाही. तिचा कंप घोडीतून तबलीला आणि भोपळ्याला मिळतो, तेव्हा खोली भरते. कॅबिनेटचंही हेच आहे. पंखा आणि हार्ड डिस्क म्हणजे तार. पत्रा, दार, पाय आणि खालचं टेबल म्हणजे भोपळा. लोक तार बदलत बसतात, महागातले पंखे आणतात आणि आवाज तिथेच राहतो. माझ्याकडे आलेल्या बहुतेक बंद कॅबिनेटमध्ये पंखा चांगलाच निघाला, वाजत होतं ते बाहेरचं अंग.

छोट्या कॅबिनेटमध्ये हे जास्त का होतं? आतल्या मुख्य बोर्डची (मदरबोर्ड) दोन छोटी मापं असतात: मायक्रो-एटीएक्स २४४ मिलिमीटर चौरस, मिनी-आयटीएक्स १७० मिलिमीटर चौरस. त्याभोवती डबा बेतला की प्रत्येक वस्तू पत्र्यापासून बोटभर अंतरावर येते, काही तर पत्र्याला टेकतातच. मोठ्या टॉवरमध्ये कंप वाटेत थोडा तरी मरतो, इथे त्याला वाटच नाही.

पहिली तपासणी: ठेवलंय कुठे?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. रात्री करा. सीलिंग फॅन बंद, फ्रिज लांब. कॅबिनेट सुरू असतानाच अलगद उचलायचा मोह टाळा, हार्ड डिस्क असेल तर तिला धक्का सोसत नाही. संगणक बंद करा, कॅबिनेटखाली घडी घातलेली गोधडी ठेवा आणि पुन्हा सुरू करून दोन मिनिटं ऐका. आवाज निम्म्यावर आला तर तुमचं कॅबिनेट निर्दोष आहे, वाजतंय टेबल. आतून पोकळ प्लायवूडची टेबलं, काचेचे टॉप आणि चाकांच्या कॉम्प्युटर ट्रॉल्या यात सर्वांत पुढे.

गोधडी तशीच ठेवू नका. बऱ्याच कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, खालून हवा ओढतो, गोधडीनं त्याचं नाक बंद होतं. सतरंजी किंवा गालिच्यावर ठेवलेल्या कॅबिनेटचंही हेच होतं. कायमचा उपाय म्हणजे पायांखाली मऊ रबराचे चार तुकडे. जुना जाड माउसपॅड कापून लावला तरी चालतो. रबर बोटानं दाबल्यावर दबलं पाहिजे. टणक रबर कंप जसाच्या तसा खाली पाठवतं, त्याचा उपयोग नाही.

मग चारही पायांखालून एकेक करून कागदाची पट्टी सरकवून पाहा. एखाद्या पायाखालून ती सहज निघाली तर तो पाय अधांतरी आहे आणि कॅबिनेट तीन पायांवर डुलतंय. वाजणाऱ्या कॅबिनेटमध्ये ही चूक फार सापडते. पट्टीचीच दोनदा घडी करून तिथे ठेवली की काम होतं.

मागची बाजू भिंतीपासून किमान वीतभर लांब असू द्या. भिंतीला चिकटवलं तर गरम हवा परत आत येते, शिवाय मागच्या पंख्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्याकडेच येतो. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलं असेल तर कप्प्याचं मागचं फळकूट काढून टाका. त्याशिवाय पुढच्या कुठल्याही तपासणीला अर्थ नाही.

दुसरी: तळहात

संगणक चालू, आवाज सुरू. तळहात सपाट धरून दाबा, आधी डावा पत्रा, मग उजवा, मग वरचा, मग पुढचं दार. जिथे दाबल्यावर आवाज बदलतो, तिथे रोग आहे. कुठेच बदलला नाही तर दोष पत्र्यात नाही, तिसऱ्या तपासणीकडे जा.

आता संगणक बंद करून प्लग काढा आणि सापडलेला पत्रा उतरवा. पत्र्याच्या कडेला आकडे असतात, ते सांगाड्याच्या खाचांत बसतात. घाईत बसवलेल्या पत्र्याचे एक-दोन आकडे खाचेबाहेर राहतात आणि मागचा स्क्रू आवळल्यामुळे वरून सगळं नीट दिसतं. पत्रा आडवा ठेवून सगळे आकडे एकाच वेळी खाचेत बसताहेत याची खात्री करा, मगच सरकवा. स्क्रू बोटांनी घट्ट होईल इतपतच फिरवा. पान्यानं आवळला तर पत्र्याला बाक येतो, मधला भाग सांगाड्यापासून सुटतो आणि तिथेच तो डफासारखा वाजतो.

उजवा पत्रा, म्हणजे बोर्डच्या मागचा, फुगीर दिसत असेल तर आतल्या वायरी त्याला ढकलताहेत. छोट्या कॅबिनेटमध्ये मागे दोन बोटं सुद्धा जागा नसते. बोर्डला जाणारी चोवीस पिनांची जाड केबल सपाट पसरा, एकावर एक वेटोळी नकोत. केबल टाय लावून तिला सांगाड्याच्या खोलगट भागात बसवा. एवढ्यानंच कितीतरी कॅबिनेट गप्प झालेली मी पाहिली आहेत.

आकडे सैल झाले असतील तर पक्कडीनं वाकवण्याआधी सांगाड्याच्या कडेला फेल्टची पातळ पट्टी चिकटवा. कपाटाच्या दाराला आवाज होऊ नये म्हणून लावतात ती, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. धातूवर धातू घासायचा थांबला की खडखड जाते. एक काळजी घ्या: पत्रा आणि सांगाडा यांचा निदान काही ठिकाणी उघडा धातूस्पर्श राहिला पाहिजे. अर्थिंग पत्र्यापर्यंत त्या वाटेनंच पोहोचतं. म्हणून चारही कडा फेल्टनं मढवू नका.

दाराचं दुखणं वेगळं. दार बहुधा चुंबकावर किंवा प्लॅस्टिकच्या खिट्टीवर टेकतं. चुंबकावर धूळ आणि लोखंडाचा कीस जमला की अर्धा मिलिमीटर फट पडते, तेवढी थरथरायला पुरते. ओल्या फडक्यानं पुसा. तरी थरथरलं तर कोपऱ्यांत रबराचे पारदर्शक ठिपके लावा, किचनच्या ड्रॉवरला लावतात तेच.

तिसरी: पंख्यांचा वेग

हीसुद्धा फुकट आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पडद्यात, जावं लागतं. लाटेसारखा आवाज असेल तर मी ही दुसरीच्याही आधी करतो.

सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेऱ्या घेतो, म्हणजे सेकंदाला २०. वीस गुणिले सात, १४० हर्ट्झचा सूर. शेजारचा त्याच मॉडेलचा पंखा १२१० वर फिरत असेल तर त्याचा सूर १४१च्या थोडा वर. दोन सूर इतके जवळ आले की सेकंदाला साधारण एक हेलकावा ऐकू येतो. कोणताच पंखा बिघडलेला नसतो. न जुळलेली तानपुऱ्याची जोडी जशी हलते, तसंच हे.

इथे एक अनुभव सांगतो. गाणं शिकवणाऱ्या एका सरांनी रियाजाच्या खोलीत रेकॉर्डिंगसाठी छोटं बंद कॅबिनेट ठेवलं होतं. त्यांची तक्रार आवाजाची नव्हतीच. ते म्हणाले, "तानपुरा लागल्यासारखा वाटतो आणि परत हलतो." त्यांचा षड्ज काळी एक, म्हणजे साधारण १३८.६ हर्ट्झ. पुढचा पंखा १२०० वर, म्हणजे १४०. तीन सेकंदांत चार लाटा, बरोबर षड्जावर. मी वेग ९०० वर आणला आणि सर लगेच म्हणाले, "आता पंचम हलतोय." हिशेब केला तर ९०० फेऱ्यांचा सूर १०५ आणि त्यांचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. शेवटी ८५० वर ठेवला, सूर ९९ वर गेला आणि दोन्ही तारांपासून सुटला. त्यांच्या कानाला जे एका क्षणात कळलं ते मला कागदावर मांडावं लागलं. तेव्हापासून मी ग्राहकाच्या वर्णनाकडे फार लक्ष देऊन ऐकतो. 'कधी येतो, कशासारखा येतो' हे ज्याला रोज सोसावं लागतं त्यालाच नीट माहीत असतं.

तुम्ही असं करा. बायोसमधल्या फॅन कंट्रोलमध्ये एकेक पंखा हाती घ्या आणि मिनिटाला ६०० फेऱ्यांपासून शंभर-शंभरनं वर न्या. मध्ये एखाद्या वेगाला पत्रा अचानक गाऊ लागेल आणि पुढच्या टप्प्यावर गप्प होईल. तो आकडा लिहून ठेवा. फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला किती वेग, तो आलेख) असा आखा की पंखा त्या वेगावर रेंगाळणार नाही, त्याच्या खाली किंवा वरच राहील. दोन पंखे जवळजवळ असतील तर त्यांच्या वेगांत मुद्दाम शे-दीडशेचा फरक ठेवा. पंखा सारखा चढ-उतार करत असेल तर 'स्टेप अप' किंवा 'हिस्टेरिसिस' नावाचं सेटिंग वाढवा. कान स्थिर आवाज विसरतो, बदलता आवाज विसरत नाही.

चौथी: हवा आत येतेय का?

सायलेंट कॅबिनेटचा पुढचा चेहरा बंद असतो. हवा दाराच्या कडेच्या फटींतून वळसा घेऊन आत येते. आवाजाला सरळ वाट मिळू नये म्हणून केलेली ही रचना चांगली आहे, पण तिला हिशेब सांभाळावा लागतो. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड, मधला गठ्ठा वगळला तर, अंदाजे १०० चौरस सेंटिमीटर. दोन पंख्यांचं २००. आता कडेची फट मोजा: ३५ सेंटिमीटर उंच, एक सेंटिमीटर रुंद, दोन्ही बाजूंची मिळून ७०. त्यावर जाळी, म्हणजे खरी मोकळी जागा त्याहून कमी. पंखे आधीच नळीतून श्वास घेत असतात. त्या जाळीवर धुळीचा थर बसला की प्रोसेसर तापतो, पंखे वेग वाढवतात आणि पंख्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्यानं चढतो. वेग दुप्पट झाला तर साधारण १५ डेसिबलची वाढ धरा.

चाचणी सोपी आहे. दार बंद ठेवून वीस मिनिटं जड काम द्या आणि प्रोसेसरचं तापमान लिहून घ्या. मग दार उघडून तेच काम, तेवढाच वेळ. पाच-सहा अंशांहून जास्त फरक पडला तर मी जाळी तुंबलेली समजतो आणि पुढचा, खालचा, वरचा असे सगळे फिल्टर काढतो. खालचा फिल्टर हटकून विसरला जातो आणि तोच सर्वांत घाण असतो. नायलॉनची जाळी नळाखाली उलट्या बाजूनं धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा, निदान एक रात्र. ओली जाळी बसवली तर धूळ चिखल होऊन बसते.

आतली धूळ ब्लोअरनं उडवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं पंखा त्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जोरात फिरतो आणि बेअरिंग तिथेच खराब होतं. कितीतरी पंखे असेच सफाईच्या दिवशी मेलेत.

रस्त्याकडेच्या घरात जाळी महिन्याला धुवावी लागते. दिवाळीच्या आधी रंगकाम काढलंत तर संगणक बंद करून चादरीत गुंडाळा. घासलेल्या भिंतीची पूड सर्वांत वाईट.

स्वच्छ जाळीनंही फरक कायम राहिला तर त्या कॅबिनेटचा चेहराच आतल्या सामानाला अपुरा आहे. मग मी स्पष्ट सांगतो: उन्हाळ्यात, जड काम करताना, दार उघडं ठेवा. वेगानं पळणाऱ्या पंख्यापेक्षा उघड्या दारातून येणारा हळू पंख्याचा आवाज कमीच असतो.

पाचवी: हार्ड डिस्क

एसएसडी (फिरता भाग नसलेली डिस्क) असेल तर हे वगळा. ७२०० फेऱ्यांची डिस्क १२० हर्ट्झवर, ५४०० ची ९० हर्ट्झवर गुणगुणते. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे आवाज किती हर्ट्झचा आहे ते दाखवणारं ॲप घ्या. काटा बरोबर तिथे उभा राहिला तर गुन्हेगार सापडला. उघडण्याआधी बॅकअप घ्या, अपवाद नाही.

डिस्कच्या स्क्रूभोवती रबराची बुश असते. तीन-चार वर्षांत, गरम आणि दमट हवेत आणखी लवकर, ती कडक होते किंवा चिकट होऊन दबते. नखानं दाबून पाहा, दबली नाही तर बदला. नवीन बसवताना स्क्रू इतकाच फिरवा की डिस्क हलक्या हातानं किंचित हलेल. गच्च आवळली तर रबर असून नसल्यासारखं.

सहावी: पत्र्याला वजन देणं

वरचं सगळं झालं, तरी हात ठेवल्यावरच आवाज थांबतो, असं असेल तर पत्रा पातळ आहे. बोटाच्या पेरानं मधोमध टकटक करा. 'टण्ण' आलं तर उघडा पत्रा, 'ठप्प' आलं तर त्याला आधीच थर लावलेला आहे.

इथे फोमबद्दलचा गैरसमज दूर करतो. पत्र्याच्या आत चिकटवलेला काळा फोम बारीक, उंच आवाज पितो, पत्र्याचं थरथरणं थांबवत नाही. त्याला जड, चिकट थर लागतो: बिटुमेन किंवा ब्यूटाइलची शीट, गाडीच्या दारांना लावतात ती. ही कल्पना जुनीच आहे. अँटेक या कंपनीनं २००५ साली पी१८० नावाची कॅबिनेट काढली तेव्हा बाजूचे पत्रेच थरांवर थर देऊन बनवले होते.

संपूर्ण पत्रा झाकायची गरज नाही. कंप मधोमध सर्वांत जास्त असतो, तिथे पत्र्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा तुकडा पुरतो. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेलकटपणा पुसा, शीट हेअर ड्रायरनं कोमट करा, मधून कडेकडे दाबत न्या. लावण्याआधी प्रोसेसरवरच्या कूलरचं टोक आणि पत्रा यांत किती अंतर आहे ते मोजा. छोट्या कॅबिनेटमध्ये दोन-तीन मिलिमीटरनंही पत्रा बसेनासा होतो. हवेच्या भोकांवर काहीही लावू नका.

पत्र्याला नवीन भोकं पाडायचा सल्ला कुणी दिला तर थांबा. पाडायचीच असतील तर आतलं सगळं, बोर्डसकट, बाहेर काढल्याशिवाय ड्रिल लावायचं नाही. लोखंडाचा एक कण बोर्डवर राहिला तरी शॉर्ट होतो.

इथे थांबा

झिणझिण्या. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे कपॅसिटर अर्थला जोडलेले असतात. घरात अर्थिंग नसेल किंवा वायर तुटलेली असेल तर पत्र्यावर मेन्सच्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त झिणझिणतं, पण याचा अर्थ असा की उद्या आत खरी वायर पत्र्याला लागली तर फ्यूज किंवा एमसीबी पडेलच असं नाही, आणि तेव्हा अर्थची वाट तुमच्या अंगातून जाईल. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. तीन पिनांना दोन पिनांचं ॲडॅप्टर लावलं असेल तर ते आजच फेकून द्या. रबरी चप्पल घालून वापरणं हा उपाय नाही.

एसएमपीएसच्या आतून आवाज. त्याचा डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतात. वॉरंटी असेल तर परत द्या, नसेल तर पूर्ण एसएमपीएस बदला. त्याचा पंखा बदलून देतो म्हणणाऱ्या अनोळखी माणसाकडेही देऊ नका.

डिस्कमधून टक-टक, कर्रर्र. ही गुणगुण नव्हे. एकच प्रत असलेले फोटो किंवा कामाच्या फाइली त्यात असतील तर पुन्हा चालूही करू नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. 'जरा अजून एकदा बघू' म्हणताना शेवटची संधी गेलेली मी पाहिली आहे.

जळका वास, किंवा पत्र्याचा एकच भाग हात ठेवता येऊ नये इतका गरम. प्लग काढा आणि दुरुस्तीवाल्याला दाखवा.

ग्राफिक्स कार्डमधून येणारी चिर्रर्र, जी खेळातलं चित्र बदलताच बदलते, ती कॉइलची. कॅबिनेटचा त्यात दोष नाही आणि घरी त्यावर इलाजही नाही. कार्डचा पंखा घासत असेल आणि वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका, सील तुटलं की दावा जातो.

दुरुस्तीला न्यायची वेळ आली तर फोनवर आवाजाचं अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करून आणा: आधी हात न लावता, मग पत्रा दाबून. दुकानाच्या गोंगाटात तुमचं कॅबिनेट आमच्यासमोर गप्पच बसतं.